नव्या कामगाराची नोकरी

नोकरी लागली म्हणजे घरांत पेढे वाटले जातात, देवापुढें साखर ठेवली जाते, आणि ती बातमी शेजारींपाजारीं त्याच दिवशीं पोंचते. नोकरी टिकेल कीं नाहीं ही शंका मात्र कोणी शेजाऱ्यास सांगत नाहीं. ती घरांतल्या घरांतच वावरत असते. कारखान्यांत मागणी कमी झाल्याची कुजबुज सुरू होते, दुसरी पाळी बंद होते, जादा काम मिळेनासें होतें, आणि एखाद्या दिवशीं “कपात होणार” हे दोन शब्द फाटकाबाहेरच्या चहाच्या दुकानांत ऐकूं येतात. त्या क्षणीं कारखान्यांतील प्रत्येकजण मनांतल्या मनांत एक हिशेब करूं लागतो : आपल्या मागून किती जण लागले ? वीस वर्षें नोकरी झालेला कामगार या हिशेबांत थोडा निर्धास्त असतो. ज्याच्या मागून कोणीच लागलेलें नाहीं, त्या अगदीं नव्या माणसाच्या पोटांत मात्र गोळा येतो.

सातारा, कराड, इस्लामपूर, मिरज, कुपवाड येथील औद्योगिक वसाहतींच्या आसपास जीं घरें आहेत, त्यांना ही भीति अपरिचित नाहीं. मुलगा औद्योगिक प्रशिक्षण संस्थेंतून फिटर किंवा टर्नर होऊन बाहेर पडतो, सहाआठ महिन्यांपूर्वीं कारखान्यांत लागतो, त्याच्या पगाराच्या भरंवशावर घराचा हप्ता ठरतो, कदाचित् लग्नहि ठरतें. आणि इतक्यांत कपातीची वार्ता येते. या भीतीचा कांहीं भाग खराच आहे. तो नाकारण्यांत अर्थ नाहीं. परंतु तिचा बराचसा भाग अज्ञानांतून येतो. कपात कां होते, तींत कोणाचें नांव आधीं येतें आणि नव्या माणसाच्या हातीं काय असतें, या तीन गोष्टी नीट समजून घेतल्या, तर काळजी सर्वस्वीं जाणार नाहीं, पण तिला कांहीं आकार येईल. आणि आकार आलेल्या काळजीस तोंड देतां येतें.

कपातीचें नांव निघालें कीं नवा कामगार प्रथम स्वतःस दोष देऊं लागतो. आपलें काम कमी पडलें असेल, वरिष्ठांशीं आपलें वागणें चुकलें असेल, असें त्यास वाटतें. पण या दोन जिल्ह्यांतील कारखानदारीचा इतिहास पाहिला, तर निराळेंच दिसतें. १९१० सालीं लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनीं औंध संस्थानांत, कुंडल रोड स्टेशनाजवळच्या ओसाड माळावर आपला कारखाना मांडला. बेळगांवची जागा त्यांना सोडावी लागली होती, आणि औंधचे अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं त्यांना जमीन दिली. तीच आजची सांगली जिल्ह्यांतील किर्लोस्करवाडी. तेथें लोखंडी नांगर तयार होत. सातारा रोड येथील धनजीशा कूपर यांच्या कारखान्यांतहि नांगर होत असत. आतां नांगर विकत घेतो कोण ? शेतकरी. आणि तो केव्हां घेतो ? पाऊस बरा झाला आणि मालास भाव मिळाला तर. म्हणजे भट्टीपाशीं साचे भरणाऱ्या मोल्डरची रोजी त्यानें कधीं न पाहिलेल्या शेतांतील ज्वारीवर आणि कपाशीवर अवलंबून होती. त्याच्या हातांत कसब कितीहि असो, पाऊस कांहीं त्याच्या हातांत नव्हता.

कराडजवळ ओगलेवाडी येथें १९१६ सालीं ओगल्यांचा काच कारखाना निघाला. त्याचा ‘प्रभाकर’ कंदील महाराष्ट्रांतील घराघरांत पोंचला. पुढें विजेच्या तारा खेडोपाडीं गेल्या आणि कंदिलाचें राज्य ओसरलें. काच फुंकणाऱ्या कारागिराचा श्वास त्यामुळें कमी झाला नव्हता. कंदील लावणारें घरच उरलें नव्हतें. साताऱ्यांत १९७५ सालीं महाराष्ट्र स्कूटर्स ही कंपनी स्थापन झाली. राज्य सरकारचें एक महामंडळ आणि बजाज ऑटो यांचा तो संयुक्त उद्योग होता. तेथें ‘प्रिया’ स्कूटर तयार होई, आणि एक काळ असा होता कीं, स्कूटरसाठीं नांव नोंदवून लोकांना वर्षानुवर्षें वाट पाहावी लागे. पुढें लोकांची आवड मोटारसायकलीकडे वळली, आणि २००६ सालीं तेथील स्कूटरचें उत्पादन थांबलें. उलट, किर्लोस्करवाडीचा कारखाना नांगरावरच अडून न राहतां पंपांकडे वळला आणि आजहि चालूं आहे. या सर्व उदाहरणांतून निघणारा बोध एकच. नोकऱ्या जातात त्या बहुधा मालाची मागणी गेल्यामुळें. कामगारांत कांहीं खोट निघाली म्हणून नव्हे. आज या भागांतील पुष्कळ लहान कारखाने वाहनांचे सुटे भाग आणि ओतीव काम करतात. दूरच्या एखाद्या वाहनकंपनीची मागणी घटली कीं त्याचा धक्का येथवर पोंचतो. तेव्हां कपातीच्या यादींत नांव आलें, म्हणजे माणूस नालायक ठरला, असें घरच्यांनीं समजूं नये आणि त्यानें स्वतःहि समजूं नये.

मागणी घटली हें कबूल केलें, तरी दुसरा प्रश्न उरतोच. शंभरांतून दहा माणसें कमी करावयाचीं, तर तीं दहा कोणतीं ? या प्रश्नाचें उत्तर पूर्वीं कोण देई, हें पाहावयाचें तर मुंबईच्या कापडगिरण्यांकडे वळलें पाहिजे. कारण सातारा जिल्ह्यांतील हजारों माणसांनीं पहिली नोकरी पाहिली ती तेथेंच. आजचा सांगली जिल्हा १९४९ सालीं दक्षिण सातारा या नांवानें निर्माण झाला व १९६० सालीं त्यास सांगली हें नांव मिळालें. गिरणगांवांत मात्र कोंकणी माणसाशेजारीं राहणारा हा सारा मुलूख ‘घाटावरचा’ म्हणूनच ओळखला जाई.

गांवाहून आलेला नवा माणूस गिरणींत लागे तो ‘बदली’ म्हणून. सकाळीं भोंग्याच्या आधीं फाटकाशीं जाऊन उभें राहावयाचें. कायमचा कामगार गैरहजर असेल तर त्याच्या जागीं त्या दिवसापुरतें काम मिळावयाचें. तो हजर असेल तर खोलीवर परत जावयाचें. आणि फाटकाशीं उभ्या असलेल्या वीस जणांतून आंत कोणास घ्यावयाचें, हें ठरवी जॉबर. तो गांवचा असला, नात्याचा असला, त्याचा हात ओला झालेला असला, तर काम. नाहीं तर नाहीं. नव्या माणसाची नोकरी ही अशी एका माणसाच्या मर्जीवर होती. १९२८ सालीं मुंबईंत एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत गिरण्यांचा जो मोठा संप झाला, त्याच्या मुळाशींहि कपातीची भीति होती. एका विणकरानें अधिक माग सांभाळावे अशी योजना येत होती. आणि एका माणसानें दोघांचें काम केलें, तर दुसरा कोठें जाईल, हें कोणी सांगत नव्हतें. पुढें १९३५ सालीं गिरणीमालक संघानें बदली कामगारांची नोंद ठेवून त्यांना कार्डें देण्याची पद्धति सुरू केली. जॉबरच्या मनमानीस आळा घालणें हा तिचा एक हेतु होता. बदलीवाल्यास त्यामुळें लगेच कायमची नोकरी मिळाली नाहीं. पण त्याचें नांव प्रथमच कागदावर आलें. नांव कागदावर येणें ही लहान गोष्ट नव्हे.

“शेवटीं आला तो आधीं जाईल” हा कपातीचा नियम याच पार्श्वभूमीवर समजून घ्यावा लागतो. नव्या माणसास तो निष्ठुर वाटतो, आणि वरवर पाहतां तो आहेहि तसाच. परंतु त्याच्या आधीं जें होतें तें याहून वाईट होतें. त्या वेळीं कपात ही शिक्षेचें हत्यार म्हणूनहि वापरतां येई. संघांत जाणारा, उलट बोलणारा, आजारी पडणारा, असा कोणताहि नकोसा माणूस ‘काम नाहीं’ या एका सबबीखालीं दूर करतां येई. रुजू झाल्याची तारीख ही कोणाच्या रागालोभावर अवलंबून नसते. म्हणून निवडीचा अधिकार माणसाकडून काढून तारखेकडे देण्यांत आला. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यांत १९५३ सालीं जी दुरुस्ती झाली, तिनें या तत्त्वास कायद्याचें रूप दिलें. तो कायदा व आणखी दोन कायदे एकत्र करून झालेली २०२० ची औद्योगिक संबंध संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलांत आली आहे. तिच्यांतहि हें तत्त्व कायम आहे.

हा नियम वाचतांना त्यांतील दोन शब्दांकडे पुष्कळांचें लक्ष जात नाहीं. पहिला शब्द ‘वर्ग’. शेवटीं आलेला म्हणजे साऱ्या कारखान्यांत शेवटीं आलेला नव्हे, तर त्या त्या कामाच्या वर्गांत शेवटीं आलेला. टर्नरांच्या वर्गांतून एक कमी करावयाचा असेल, तर टर्नरांतील सर्वांत नवा पाहिला जातो. त्याच्या नंतर मोल्डर म्हणून लागलेल्या माणसावर त्याचा परिणाम होत नाहीं. दुसरा शब्द ‘कारणें नोंदवून’. मालकास हा क्रम मोडतां येतो. पण कां मोडला याचीं कारणें त्यानें लिहून ठेविलीं पाहिजेत, आणि तीं कारणें न्यायाधिकरणापुढें तपासलीं जाऊं शकतात. १९५७ च्या केंद्रीय नियमांत तर कपातीपूर्वीं निदान सात दिवस त्या वर्गाची ज्येष्ठतेची यादी फलकावर लावावी, अशी तरतूद होती. यादी लागण्यांतील अर्थ स्पष्ट आहे. चूक असेल तर ती वेळेवर दाखवितां यावी.

या नियमाची दुसरी बाजूहि आहे, आणि नव्या माणसानें ती विशेष ध्यानांत ठेवावी. जो शेवटीं आला म्हणून आधीं गेला, त्याचा परत येण्याचा हक्क इतरांच्या आधीं असतो. नव्या संहितेप्रमाणें कपातीनंतर एक वर्षाच्या आंत त्या कारखान्यांत माणसें घ्यावयाचीं झालीं, तर कपात झालेल्या कामगारांना संधि देऊन त्यांना बाहेरच्या उमेदवारांपेक्षां अग्रक्रम द्यावा लागतो. या हक्काचा उपयोग न होण्याचें कारण पुष्कळदां अगदीं क्षुल्लक असतें. कामगाराचा पत्ता बदललेला असतो, आणि पत्र जुन्या खोलीवर जाऊन परत येतें. कारखाना सोडतांना चालूं पत्ता लेखी देऊन त्याची पोंच घेणें, एवढ्यावर कधीं कधीं पुढची नोकरी अवलंबून राहते.

येथें दोन शब्दांतील भेदहि सांगितला पाहिजे, कारण बोलण्यांत त्यांची सरमिसळ होते. ‘ले-ऑफ’ म्हणजे तात्पुरती कामबंदी. कच्चा माल नाहीं, वीज नाहीं, यंत्र मोडलें, अथवा माल सांठून राहिला, म्हणून कामगारास कांहीं दिवस घरीं बसवितात. त्याचें नांव पटावर राहतें. पन्नास किंवा अधिक कामगार असलेल्या, आणि हंगामी नसलेल्या, कारखान्यांत अशा दिवसांसाठीं मूळ वेतन व महागाई भत्ता यांच्या निम्म्याइतकी भरपाई मिळते. मात्र त्यासाठीं एक वर्षाची सलग सेवा लागते. ‘कपात’ म्हणजे नांवच पटावरून काढणें. तींत वर्षाची सलग सेवा झालेल्या कामगारास एक महिन्याची लेखी नोटीस, किंवा तिच्याऐवजीं महिन्याचा पगार मिळाला पाहिजे. शिवाय सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागें पंधरा दिवसांचें सरासरी वेतन. सहा महिन्यांहून अधिक असा वर्षाचा अपुरा भाग पूर्ण वर्ष धरला जातो. दोन वर्षें आठ महिने काम केलेल्या माणसाचीं वर्षें तीन धरलीं जातात आणि त्यास ४५ दिवसांचें वेतन मिळतें. नव्या संहितेनें यांत आणखी एक भर घातली आहे. पुनर्कौशल्य निधींत मालकानें अशा प्रत्येक कामगारामागें शेवटच्या वेतनाच्या दरानें पंधरा दिवसांची रक्कम भरावयाची, आणि ती त्या कामगाराच्या खात्यांत जमा व्हावयाची.

मग नव्या कामगाराच्या दृष्टीनें सर्वांत महत्त्वाचा प्रश्न उरतो तो हा, कीं ‘एक वर्षाची सलग सेवा’ म्हणजे काय ? जमिनीवरील कारखान्यांत मागच्या बारा महिन्यांत २४० दिवस काम झालें, तर तें एक वर्ष समजलें जातें. हे दिवस कसे मोजावयाचे यावर १९८५ सालीं सर्वोच्च न्यायालयानें एका बँकेच्या कामगारांच्या खटल्यांत निकाल दिला. ज्या रविवारांचा व सुट्ट्यांचा पगार मिळतो, तेहि दिवस या मोजणींत धरावे, असा तो निकाल आहे. त्याचें महत्त्व एका साध्या हिशेबानें कळेल. समजा, एक तरुण १ जूनला रुजू झाला आणि पुढील २८ फेब्रुवारीस त्याला कमी केलें. हे दिवस होतात २७३. त्यांत साप्ताहिक सुट्ट्या ३९. एकहि खाडा न करतां त्यानें प्रत्यक्ष काम केलें तें २३४ दिवस. केवळ कामाचेच दिवस मोजले, तर तो सहा दिवसांनीं हुकतो, आणि नोटीस व भरपाई दोन्ही गमावतो. पगारी सुट्ट्या धरल्या, तर तो २४० च्या पुष्कळ पुढें जातो. सुट्टीचा पगार मिळत नसेल, तर मात्र हा आधार राहत नाहीं. म्हणून पगाराच्या चिठ्ठीवर किती दिवस मांडले आहेत, हें पाहण्याची संवय नव्या माणसानें पहिल्या महिन्यापासून लावून घ्यावी.

हे दिवस भरले, असें नुसतें म्हणून भागत नाहीं. २००२ सालीं सर्वोच्च न्यायालयानें दुसऱ्या एका प्रकरणांत सांगितलें कीं, २४० दिवस काम केल्याचें सिद्ध करण्याची जबाबदारी कामगारावर आहे. त्याचें स्वतःचें प्रतिज्ञापत्र तेवढें पुरेसें नाहीं. नेमणुकीचें पत्र, पगाराच्या चिठ्ठ्या, बँकेंत पगार जमा झाल्याच्या नोंदी, भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक, फाटकाचा पास, हे सारे कागद म्हणूनच जपून ठेवावयाचे. जुन्या पिढींतील गिरणीकामगार आपलें बदलीचें कार्ड कां जपून ठेवीत, हें यावरून समजतें.

आतांपर्यंत सांगितलेले हक्क ज्याचें नांव कारखान्याच्या पटावर आहे आणि जो कायद्याच्या अर्थानें ‘कामगार’ आहे, त्याचे होत. नव्यानें लागणाऱ्यांपैकीं किती तरी जण या रेषेच्या बाहेर उभे असतात. १९६१ च्या कायद्याखालचा शिकाऊ उमेदवार हा विद्यार्थी गणला जातो. मुदत संपली कीं त्यास नोकरी दिलीच पाहिजे, असें बंधन सामान्यतः नसतें. कंत्राटी कामगार यंत्र चालवितो कारखान्याचें, पण त्याचा पट असतो ठेकेदाराकडे. देखरेखीचें काम करणारा आणि महिना १८ हजार रुपयांहून अधिक पगार घेणारा माणूस ‘कामगार’ या व्याख्येंत बसत नाहीं. मुदतीच्या करारावर घेतलेल्या माणसाची मुदत संपली, तर ती कपात समजली जात नाहीं. नव्या संहितांनीं त्यास कायम कामगाराइतकेंच वेतन आणि एक वर्षानंतर ग्रॅच्युइटी देऊं केली आहे, पण मुदतीनंतरची नोकरी दिलेली नाहीं. साखर कारखान्यांतील हंगामी कामगाराची गोष्ट निराळीच. गळीत संपलें कीं काम थांबणार हें त्यास आणि त्याच्या घरास आधींपासून ठाऊक असतें, आणि घरचा खर्च त्या बेतानें आंखलेला असतो. अनिश्चितता जितकी जाळते, तितका ठाऊक असलेला खंड जाळीत नाहीं.

म्हणून मुलास नोकरी लागल्यावर “पगार किती ?” या प्रश्नानंतर घरांतील वडीलधाऱ्यांनीं दुसरा प्रश्न विचारावा तो हा : “नांव कोणाच्या पटावर आहे, आणि कागदावर काय लिहिलें आहे ?” कारखान्याचा आकारहि विचारावा. १९७६ सालीं कायद्यांत अशी तरतूद आली कीं, ३०० किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यानें कपातीपूर्वीं सरकारची परवानगी घ्यावी. पुढें ही मर्यादा १०० वर आणली गेली, आणि नव्या संहितेनें ती पुन्हा ३०० केली आहे. कुपवाडला किंवा साताऱ्यास चाळीस-पन्नास माणसांवर चालणाऱ्या कारखान्यास ती परवानगी लागत नाहीं. तेथें कामगाराचें संरक्षण म्हणजे नोटीस, भरपाई, ज्येष्ठतेचा क्रम आणि परतीचा हक्क एवढेंच.

ज्येष्ठतेच्या नियमाविरुद्ध मालकांकडून व तरुणांकडूनहि एक आक्षेप घेतला जातो. नवा मुलगा संगणकावर चालणारें यंत्र सराईतपणें हाताळतो, जुन्या माणसास तें जमत नाहीं. मग हुशारास काढून जुन्यास ठेवण्यांत काय न्याय? या आक्षेपांत तथ्य आहे, आणि म्हणूनच कारणें नोंदवून क्रम मोडण्याची मुभा कायद्यानें ठेविली आहे. परंतु दुसऱ्या बाजूसहि वजन आहे. पन्नाशीच्या माणसास नोकरी गेल्यावर दुसरी मिळणें तरुणापेक्षां फार अवघड असतें. शिवाय यांत एक अलिखित देवघेव आहे. आज नवा माणूस जुन्यासाठीं धोका पत्करतो, तो या भरंवशावर, कीं उद्यां तोहि जुना होईल आणि त्याच्यासाठीं दुसरा कोणी तो पत्करील. रांगेंत शेवटीं उभें राहण्यास माणूस तयार होतो, तो रांग पुढें सरकते म्हणून.

खरी अडचण येथेंच आहे. रांग पुढें सरकेनाशी झाली, तर हा नियम न्याय्य राहत नाहीं. मुंबईच्या गिरण्यांत कांहीं माणसें वर्षामागून वर्षें बदलीच राहिलीं. वय वाढलें, पण नोकरी जुनी झाली नाहीं. १८ जानेवारी १९८२ रोजीं जो संप सुरू झाला, त्यांत अडीच लाखांच्या घरांत कामगार बाहेर पडले. बदली कामगारांना कायम करावें, ही त्या काळच्या मागण्यांपैकीं एक होती. संप लांबला, पुष्कळ गिरण्या पुन्हा नीट चालल्याच नाहींत, आणि सातारा-सांगलीकडील कितीएक माणसें वळकटी बांधून गांवीं परतलीं, तीं कायमचींच. आज गिरणी नाहीं, जॉबर नाहीं. पण अकरा महिन्यांचा करार संपवून पुन्हा नवा करार, एका ठेकेदाराच्या पटावरून दुसऱ्याच्या पटावर, अशी फिरती चालूं राहिली, तर तीच गोष्ट निराळ्या वेषांत येते. अशा माणसाची तारीख दर वेळीं नवी होते. पांच वर्षें त्याच यंत्रावर काम करूनहि तो यादींत शेवटचाच राहतो, किंबहुना यादींतच येत नाहीं. नव्या कामगाराच्या सुरक्षिततेचा विचार करणाऱ्यांनीं कपातीच्या दिवसापेक्षां या गोष्टीकडे अधिक लक्ष द्यावयास हवें. नव्यास जुना होण्याची वाट मोकळी आहे कीं नाहीं, यावर सारें ठरतें.

हें बदलणें एकट्यादुकट्या कामगाराच्या हातीं नाहीं. तें संघांचें, मालकांचें आणि कायदेमंडळाचें काम आहे. पण तोंवर नव्या माणसानें कांहीं गोष्टी अवश्य कराव्या. आपल्या यंत्राच्या शेजारचें दुसरें काम शिकून घ्यावें. एका वर्गांतील जागा कमी झाल्या, तरी दुसऱ्या वर्गांत गरज असूं शकते. ज्येष्ठतेची यादी लागली तर तींतील आपली तारीख बरोबर आहे कीं नाहीं तें पाहावें. आणि कपातीच्या गडबडींत पुढें केलेल्या कोणत्याहि कागदावर न वाचतां सही करूं नये. “राजीनामा दिलास तर पुढें दुसरीकडे अडचण येणार नाहीं” असें गोड बोलून सही घेतली जाते, आणि स्वखुशीनें दिलेला राजीनामा ही कपात होत नसल्यामुळें नोटीस, भरपाई आणि परतीचा हक्क ही तिन्हीं एका सहीनें जातात. कागद घरीं नेऊन वाचण्यास एक दिवस मागावा. संघाच्या माणसाचा, वकिलाचा अथवा कामगार आयुक्तांच्या कार्यालयाचा सल्ला घ्यावा. तक्रार करावयाची असेल तर तिला कायद्यानें मुदत आहे, म्हणून ती लांबवूं नये.

घरच्यांचेंहि कांहीं कर्तव्य आहे. पहिल्या वर्षाच्या पगारावर मोठें कर्ज उभारूं नये. दोनतीन महिन्यांचा खर्च आधीं बाजूला पडूं द्यावा. आणि कपातीची बातमी घरीं सांगण्याची मुलास लाज वाटणार नाहीं, असें घरांतील वातावरण असावें. कित्येक तरुण नोकरी गेल्यावरहि आठपंधरा दिवस डबा घेऊन रोजच्या वेळीं घराबाहेर पडतात, आणि संध्याकाळपर्यंत स्टँडवर किंवा बागेंत बसून परत येतात. त्यांना नोकरी जाण्याचें भय असतेंच, पण त्याहून अधिक भय वडिलांच्या चेहऱ्याचें असतें. त्या दिवसांत कागद वाचून पाहावयाचे असतात, मुदती चालूं झालेल्या असतात, दुसरें काम शोधावयाचें असतें. तीं कामें पहिल्याच संध्याकाळीं घरांत सर्वांनीं मिळून सुरू केलीं, तर त्या घराचें अर्धें नुकसान टळतें.